एसएस ३०४ मध्ये एम८ चे टॅप तुटून राहिले, तेल बदलू का टॅप बदलू का ड्रिल?

संत्रानगरी_फिटर

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत आपलं छोटं युनिट आहे, आजपर्यंत जास्त करून एमएसचंच (माइल्ड स्टील) काम केलं, फॅब्रिकेशन अन् थोडंबहुत मशिनिंग. आता संत्रा धुवायच्या अन् वॅक्सिंगच्या लाइनचे बेअरिंग ब्लॉक बनवायचं काम हाती आलं आहे, मटेरियल एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील), जाडी ३० एमएम, प्रत्येक ब्लॉकला चार ब्लाइंड होल (तळ बंद असलेले) अन् दोन आरपार, सगळे एम८, म्हणजे ८ एमएम बोल्टच्या आट्यांचे. ड्रॉइंगवर एम८ ६एच (६एच म्हणजे आतल्या आट्यांच्या मापाची मर्यादा) लिहिलंय, आटे २० एमएम खोल अन् ड्रिल २४ एमएम.

आम्ही काय करून राहिलो ते सांगतो. पिलर ड्रिलवर ६.८ चं साधं एचएसएस (हायस्पीड स्टील) ड्रिल, बेल्ट १४०० आरपीएमवर आहे, नंतर ब्लॉक व्हाइसमध्ये धरून हाताने तीन टॅपचा सेट (टॅप म्हणजे होलात आटे पाडायचं हत्यार). एमएसमध्ये हाच सेट, हाच पोरगा, हेच हँडल, कधी तक्रार नाही. पण ३०४ मध्ये पहिला टॅप कसाबसा जाते, दुसरा टॅप दहा-बारा एमएम आत गेला की जाम होते, कर्रकर्र आवाज येते, अन् पोरगा थोडा उलटा फिरवायला गेला की कट्ट. खेळ खलास. आरपार होलात थोडं बरं आहे, तिथं तुटत नाही पण गो गेज (आटे तपासायचं गेज, जे सहज आत गेलं पाहिजे) टाइट जाऊन राहिलं, पाना लावावा लागते.

आधी मशीनचं पांढरं कूलंटच ब्रशने लावत होतो. मग एकाने सांगितलं खोबरेल तेल लाव, त्याने फरक पडला पण तुटणं काही थांबलं नाही. आणखी एक भानगड, ब्लॉकला चुंबक लागत नाही पण ड्रिलची चिप चुंबकाला चिकटते, म्हणजे मटेरियलमध्येच काही झोल आहे का? पार्टीने स्वतः मटेरियल दिलंय त्यामुळे बोलायची पण चोरी. तेल, टॅप, ड्रिल, यातलं आधी काय बदलू? सगळं एकदम बदलायचं म्हटलं तं खर्च वाढते.

कामठीरोड_लेथ

तेल बदला भाऊ, बाकी सगळं नंतर. पांढरं कूलंट म्हणजे नव्वद-पंच्याण्णव टक्के पाणी, ते थंड करायला आहे, टॅपिंगमध्ये थंड कशाला करायचंय, हाताने फिरवलेला टॅप कितीसा तापणार? तिथं चिकटणं थांबवायचं असते. स्टेनलेस टॅपच्या दाताला चिकटते, दातावर बारीक थर चढते, मग तो थर आटे ओरबाडत जाते. सल्फर-क्लोरीनवालं जाड कटिंग ऑइल घ्या, 'नीट' (पाणी न मिसळता वापरायचं) कटिंग ऑइल म्हणून मागा, इतवारीत हार्डवेअरच्या लायनीत सुटं पण मिळते. वास घाण आहे पण काम करते.

जुना_टूलरूमवाला

तेलाचं खरं आहे पण इथं तेल दुसऱ्या नंबरवर येते. पहिले प्रश्न नीट वाचा ना, बेल्ट १४०० वर आहे असं त्याने स्वतःच लिहिलंय अन् कोणी त्यावर बोलून नाही राहिलं.

६.८ चं ड्रिल १४०० वर म्हणजे कटिंग स्पीड किती झाला, ६.८ गुणिले ३.१४ गुणिले १४००, भागिले १०००, जवळपास ३० मीटर पर मिनिट. एमएससाठी ठीक आहे बाप्पा, पण साध्या एचएसएस ड्रिलने ३०४ मध्ये १० ते १२ मीटरच्या वर जाऊ नये, म्हणजे ५०० ते ५५० आरपीएम. ३० वर पहिल्या दोन-चार होलातच ड्रिलचे कोपरे जातात, कोपरा गेला की ड्रिल कापत नाही, घासते, अन् ३०४ ला घासलं की ते जागच्या जागी कडक होते. होलच्या भिंतीवर पातळ कातडी तयार होते, आतल्या मटेरियलपेक्षा दीडपट-पावणेदोनपट कडक. तुमचा टॅप त्या कातडीत दात घालायला जाते. दात कसा टिकेल?

आता एक करून पाहा. ड्रिल केलेला एक होल रॉकेलने धुवा, मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा अन् आत पाहा. भिंतीवर बारीक रेषा एकसारख्या दिसल्या, रंग मॅट राखाडी दिसला तं ड्रिल कापून राहिलंय. भिंत चकचकीत दिसली, मधे मधे पट्टे पॉलिश केल्यासारखे दिसले तं समजा ड्रिल घासत खाली गेलं. पोरं चकचकीत होल पाहून खुश होतात, फिनिश काय आली म्हणतात. ३०४ मध्ये चकचकीत होल म्हणजे टॅपचं मरण आहे.

चिप पण पाहा. लांब, सलग, दोन्ही बाजूंनी सारखी गुंडाळी येऊन राहिली तं ठीक. बारीक तुकडे, भुकटी, निळी-तपकिरी झालेली चिप, नाही तं एकाच बाजूने चिप अन् दुसरी बाजू कोरडी, यातलं काही असलं तं ड्रिल काढा अन् पुन्हा धार लावा. कोबाल्टचं ड्रिल घ्या, ५ टक्के कोबाल्टवालं, १३५ डिग्री पॉइंटचं, ते सेंटरवर घसरत नाही. अन् हात हलका ठेवू नका. ३०४ मध्ये हलक्या हाताने ड्रिल मारणं म्हणजे ते कडक करणं, एका फेऱ्याला ०.१ एमएम तरी खाली गेलंच पाहिजे. एकाच जागी फिरत राहू द्यायचं नाही, चिप काढायला वर उचललं तं खाली जाताना लगेच कापायला लावायचं.

धरमपेठी

चुंबकाचा मुद्दा सांगतो, त्यात झोल नाही. ३०४ ऑस्टेनिटिक आहे (धातूच्या आतल्या रचनेचं नाव), अनील केलेल्या म्हणजे तापवून मऊ केलेल्या अवस्थेत चुंबक धरत नाही. पण कोल्ड वर्क झालं, म्हणजे ओढलं, वाकवलं, कापलं, की त्यातला काही भाग मार्टेन्साइट नावाच्या कडक रचनेत बदलतो आणि तो चुंबकीय असतो. चिप म्हणजे पराकोटीचं कोल्ड वर्क झालेलं मटेरियल, त्यामुळे ती चिकटणारच. उलट टूलरूमवाले काका म्हणताहेत त्या कडक कातडीचाच हा पुरावा समजा, जे चिपमध्ये झालं तेच थोड्या प्रमाणात भिंतीतही झालं आहे.

मात्र ३०४ च्या नावाखाली २०२ येतो हे बाजारात चालतं, आणि तो पण चुंबक धरत नाही, त्यामुळे चुंबकावरून ३०४ आणि २०२ वेगळे कळणार नाहीत. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्के आणि मँगनीज साडेसात ते दहा, ३०४ मध्ये निकेल ८ च्या वर आणि मँगनीज २ च्या आत. मँगनीजवाला जास्त पटकन कडक होतो, टॅपला आणखी वाईट. टेस्टिंगचं लिक्विड मिळतं, थेंब टाकून रंग बघायचा, किंवा पीएमआय गनवाल्याकडून (धातूतले घटक दाखवणारं यंत्र) एक ब्लॉक तपासून घ्या. फूड लाइनचं काम आहे, पार्टीलाही ते माहीत असलेलं बरं.

आता फोर्सचं. टॅपिंगच्या टॉर्कचा कच्चा हिशोब असा करतात, पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) वर्ग गुणिले व्यास गुणिले मटेरियलचा कटिंग रेझिस्टन्स, भागिले ८०००, उत्तर न्यूटन-मीटरमध्ये. एम८ चा पिच १.२५, वर्ग १.५६, गुणिले ८ म्हणजे साडेबारा. एमएसला रेझिस्टन्स २००० धरला तर ३ न्यूटन-मीटरच्या आसपास, ३०४ ला २५०० धरला तर ४ च्या आसपास. म्हणजे ३०४ एमएसपेक्षा फक्त पाव-एक भाग जड आहे, दुप्पट-तिप्पट नाही! हा हिशोब धारदार टॅप आणि नीट होलचा आहे. तुमच्याकडे जे जाम होतंय ते कापण्याचं ओझं नाहीच, ते घर्षण आणि अडकलेल्या चिपचं ओझं आहे.

हातात ४ न्यूटन-मीटर म्हणजे किती ते पण बघा. हँडलची एकूण लांबी २०० एमएम धरली तर प्रत्येक हाताला २० न्यूटन, म्हणजे दोन किलोच्या आसपास. आणि तेही पूर्ण आटे एकाच टॅपने पाडले तर, तुमच्या सेटमध्ये ते तिघांत वाटलं जातं. पोराला खांदा लावावा लागत असेल तर टॅप तुटायच्या खूप आधीच काहीतरी बिघडलेलं असतं. आणि खांदा लागला की दोन्ही हात सारखे राहत नाहीत, एका बाजूला रेटा जास्त, टॅपवर पीळ आणि वाकणं दोन्ही एकदम येतं. एचएसएस पीळ बऱ्यापैकी सोसतं, वाकणं अजिबात नाही.

कामठीरोड_लेथ

म्हणूनच छोटे टॅप जास्त तुटतात ना, एम३ तं नुसता बघितला तरी तुटते

धरमपेठी

गंमत अशी आहे की हिशोबाने तसं व्हायला नको. टॅपची पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनावर जाते. एम६ चा पिच १, एम३ चा ०.५, सगळंच निम्मं. लागणारा टॉर्क आठवा हिस्सा आणि ताकदही आठवा हिस्सा, म्हणजे मार्जिन तेवढंच. तुटतो कारण आपला हात आणि हँडल आठपट बारीक होत नाहीत. एम३ ला मोठं हँडल लावलं तर त्याच्या नुसत्या वजनाने टॅप वाकतो. छोटं टी-हँडल वापरायचं ते यासाठी.

संत्रानगरी_फिटर

काका तुम्ही म्हटलं तसं टॉर्च मारून पाहिलं. चकचकीत आहे, अन् खालच्या अर्ध्या भागात जास्त. बेल्ट खालच्या स्टेपवर टाकला, मशीनच्या प्लेटवर ५४० लिहिलंय. कोबाल्टचं ड्रिल उद्या घेतो. धरमपेठी सर, टेस्टिंगवाल्याला एक तुकडा पाठवतो.

आता टॅपचं सांगा. हातानेच चालू ठेवू का मशीनवर घेऊ? अन् टॅप कोणता घेऊ, दुकानदार सोनेरी वाला दाखवते, काळा वाला दाखवते, वाकड्या खाचांचा दाखवते, भाव चढत जाते.

बुटीबोरी_सीएनसी

आम्ही व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) रोज ३०४ मारतो म्हणून लिहितोय. ब्लाइंड होलात सरळ खाचांचा हँड टॅप हाच मूळ लोचा आहे. चिपला जायला जागाच नाही, ती खाचेत साठते, खाच भरली की पुढची चिप आटे अन् दात यांच्या मधात घुसते. ब्लाइंड होलला स्पायरल फ्लूट घ्या, म्हणजे तुमचा वाकड्या खाचांचा, तो चिप वर ओढून काढते. आरपार होलला स्पायरल पॉइंट, ज्याला गन टॅप म्हणतात, खाचा सरळच दिसतात पण टोकाला तिरपी घासलेली असते, तो चिप पुढे ढकलते अन् खालून पाडते. ब्लाइंडमध्ये गन टॅप मारला तं सगळी चिप खाली ठासून भरते, ते करू नका.

रंगाचं: काळा म्हणजे बहुतेक स्टीम ऑक्साइड, तो थर तेल धरून ठेवते अन् चिप चिकटू देत नाही, स्टेनलेसला चांगला, स्वस्त पण पडते. अॅल्युमिनियमला मात्र काळा नको, उलट चिकटते. सोनेरी म्हणजे टायटॅनियम नायट्राइड, घासणं कमी करते. आम्ही ३०४ ला टीआयसीएन कोटिंगवाला घेतो, निळसर राखाडी दिसते. बेस मटेरियल एचएसएस-ई असलं पाहिजे, म्हणजे कोबाल्टवालं, साध्या एचएसएसवर सोनेरी रंग चढवून विकतात त्याचा काही उपयोग नाही.

मशीनवर घेणार असाल तं एम८ ला ६ मीटर पर मिनिट, म्हणजे २४० आरपीएम, फीड २४० गुणिले १.२५ म्हणजे ३०० एमएम पर मिनिट, जी८४ (मशीनचा टॅपिंगचा कोड) लावून. रिजिड टॅपिंग (मशीन स्वतः फिरणं अन् खाली जाणं जुळवते ते) असलं तरी आम्ही थोडा खेळ असलेलाच होल्डर लावतो, स्पिंडल उलटा फिरताना झेड (वर-खाली चाल) अन् स्पिंडल यात जो बारीक फरक पडते तो आट्यांच्या बाजूंवर येऊ नये म्हणून. पिलर ड्रिलवर टॅपिंग अटॅचमेंट पण चालेल, क्लच नीट सेट केला पाहिजे.

अन् अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे हे बंद करा. ३०४ मध्ये थांबलं की कडक होते. एकदा घातला की सरळ खाली अन् सरळ बाहेर.

जुना_टूलरूमवाला

बंद करा म्हणजे कसं बंद करा? स्पायरल फ्लूटला मागे फिरवायची गरज नाही, हे मान्य. पण त्याच्या हातात सध्या सरळ खाचांचा सेट आहे, तो मागे न घेता २० एमएम नेला तं पहिल्याच ब्लॉकात राम बोलो. सरळ खाचांच्या हँड टॅपला चिप तोडावीच लागते. फरक एवढाच की एमएससारखं दर अर्ध्या फेऱ्याला मागेपुढे करत बसायचं नाही. एक-दीड फेरा दमाने न्यायचं, मागे घेतलं तं चिप तुटेपर्यंत पूर्ण घ्यायचं, पाव-अर्धा फेरा, कट् असा हलका आवाज हाताला कळते, अन् मग मधात न थांबता पुढे. चार-पाच एमएम झाले की टॅप पूर्ण बाहेर, ब्रशने साफ, होलात हवा मारायची (डोळ्याला चष्मा लावून), पुन्हा तेल.

पोरगा उलटा फिरवायला गेला की तुटते ना, ते का होते पाहा. कापता कापता थांबला तं चिप मुळाशी जोडलेलीच असते. उलटा फिरला की दाताची मागची कड त्या चिपच्या बुडख्यावर चढते. दात बोथट असला, चिप जाड असली, तं ती तुटत नाही, दाताखाली दबते, पाचरीसारखी. मग पोरगा जोर लावते. तिथं जोर लावायचा नसते, पुन्हा थोडं पुढे घ्यायचं, तेल सोडायचं, मग मागे. आमच्या आयटीआयच्या मास्तरांनी हे डोळे मिटून करायला लावलं होतं, नुसतं हाताने ओळखायचं म्हणून.

अन् सेटमधले तिन्ही टॅप क्रमाने वापरून राहिले ना? शँकवर (टॅपच्या दांड्यावर) पाहा, पहिल्याला एक रेघ, दुसऱ्याला दोन रेघा, शेवटच्याला रेघ नसते असा काही सेटमध्ये रिवाज आहे. अशा सेटमध्ये पहिला-दुसरा मुद्दाम साइजने कमी असतात, एकेकाने थोडं थोडं मटेरियल काढायचं. घाईत पहिला सोडून दुसरा घातला तं सगळं ओझं त्याच्यावर येते. बऱ्याच ठिकाणी पोरं दोनच टॅप मारतात, तिसरा खोक्यात नवाच्या नवा.

बुटीबोरी_सीएनसी

हँड सेटचं ते मान्य काका, मी मशीन टॅपचं बोलत होतो. पण वीस-पंचवीस ब्लॉकच्या वर काम असलं तं हाताने करण्यात पैसा नाही.

गो गेज टाइट जाते त्याचं राहून गेलं. टॅप झिजला की त्याचा साइज कमी होते, आटे बारीक पडतात, गो जात नाही. शिवाय ३०४ थोडं दबून परत येते, घासणारा टॅप काढला की आटे जरासे आवळतात. नो-गो (जे गेज आत जायला नको ते) आत गेलं तं उलटी गोष्ट, दातावर मटेरियल चिकटलंय नाही तं टॅप हेलकावे खाऊन राहिला. आम्ही टॅप तुटायची वाट पाहत नाही, गो गेज हाताला जड लागलं की टॅप बदलतो. झिजलेला टॅप पाहायचा असला तं पुढच्या तिरप्या भागातले दात भिंगातून पाहा, सगळं कापायचं काम तेच दोन-चार दात करतात, मागचे नुसते मार्गाला असतात. त्या दातांच्या कडेवर पांढरी चमकती रेघ दिसली म्हणजे कड गेली.

कामठीरोड_लेथ

मी तेल म्हटलं तं सगळे ड्रिलवर गेले 😄 हरकत नाही, बरोबर आहे काकांचं. पण तेलाचं अर्धवट राहिलं ते पूर्ण करतो.

खोबरेलने फरक पडला तो खोटा नाही. त्यातलं फॅटी अॅसिड धातूला चिकटून बसते, पातळ थर देते, जुने लोक चरबी लावत ते त्याच कारणाने. पण दाब अन् उष्णता वाढली की तो थर फाटते. सल्फर-क्लोरीन तिथंच कामाला येते, तापलेल्या जागी धातूसोबत त्याची रिअॅक्शन होऊन वेगळाच थर बनते जो वेल्ड होऊ देत नाही. खोबरेलची दुसरी पंचाईत आपल्या नागपुरात कळते, डिसेंबरात बाटलीत गोठून बसते, मशीनवर राहिलं तं चिकट होते, धूळ धरते.

सल्फरवालं तेल पितळ-तांब्याला लावू नका, काळं पडते. पितळ तसंही कोरडं जाते. बीड (कास्ट आयर्न) कोरडं मारा, त्यात ग्रॅफाइट आहे, फक्त भुकटी उडवत राहा, तेल टाकलं तं चिखल होते. अॅल्युमिनियमला रॉकेल मस्त.

अन् ब्लाइंड होल तेलाने काठोकाठ भरू नका, टॅप खाली जाताना तेल कुठं जाईल? टॅपला भरपूर लावा, होलात थोडंच. उभ्या बाजूच्या होलाला टॅपिंग पेस्ट घ्या, ओघळत नाही.

बुटीबोरीवाल्यांसारखं मशीनवर कूलंटनेच टॅप मारायचं असलं तं कूलंट ८-१० टक्के तरी ठेवा, रिफ्रॅक्टोमीटरने (तेलाचं प्रमाण मोजायचं साधन) पाहा, नुसतं पांढरं दिसते म्हणून भरवसा ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे टाकीतलं पाणी उडते, माणूस वरून नुसतं पाणी ओतत राहते, चिपसोबत तेल पण जातच असते, महिनाभराने टाकीत ताक उरते. बोअरचं जड पाणी असलं तं आणखीच, वर साय धरते अन् तेल वेगळं होते. मिसळताना पाण्यात तेल टाकायचं, तेलात पाणी नाही.

संत्रानगरी_फिटर

थोडं अपडेट. कोबाल्टचं ड्रिल, ५४० आरपीएम, फीड जोरात, होल मॅट दिसून राहिले. आरपार होलाला गन टॅप घेतला अन् सल्फरवालं तेल, लोण्यासारखा जाऊन राहिला, गो गेज हाताने जाते. ब्लाइंडला स्पायरल फ्लूट टाकला, जाते, पण शेवटच्या चार-पाच एमएमला जड लागते अन् पोरगा घाबरते. धरमपेठी सर, ६.८ ऐवजी ६.९ किंवा ७ चं ड्रिल मारलं तं ६एच मध्ये बसेल का? पार्टीचा माणूस गेज घेऊन येते, त्याला चालेल असं पाहिजे.

धरमपेठी

६.९ बसेल, ७ नाही. एम८ ६एच ला आतला व्यास कमीत कमी ६.६४७ आणि जास्तीत जास्त ६.९१२ चालतो. ६.८ च्या ड्रिलने आट्यांची उंची ७४ टक्क्यांच्या आसपास येते, ६.९ ने ६८. ताकदीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही, कारण आट्यांच्या टोकाचा भाग तसाही फार ओझं घेत नाही, पण टॅपला कापायचं मटेरियल बरंच कमी होतं आणि टॉर्क लगेच उतरतो. फक्त एक, ६.९ चं ड्रिल नेहमी थोडा मोठा होल पाडतं आणि वर तुमच्याकडे फक्त ०.०१२ ची जागा आहे. पॉइंट एका बाजूला घासला गेला असेल तर सहज ६.९५ होईल आणि मग रिजेक्ट. त्यामुळे ६.८५ मिळालं तर तेच घ्या, नाही तर ६.९ आधी भंगाराच्या तुकड्यावर मारून मोजा.

त्याहून मोठा मुद्दा खोलीचा आहे. एम८ ला २० एमएम आटे म्हणजे अडीच व्यास. एम८ च्या साध्या नटची उंची साडेसहा एमएमच्या आसपास असते, आणि तेवढ्या आट्यांवर बोल्ट तुटतो, नटचे आटे जात नाहीत. स्टीलमध्ये दीड व्यास, म्हणजे १२ एमएम, भरपूर झाले. शेवटच्या ८ एमएमसाठी तुम्ही टॅप तोडताय आणि ते आटे काही कामाचे नाहीत. ड्रॉइंग करणाऱ्याने बहुतेक अॅल्युमिनियमच्या ब्लॉकचा आकडा तसाच उचलला असावा, हा माझा अंदाज. पार्टीला लेखी विचारा, १४ एमएम आटे चालतील का. ड्रिल २४ च ठेवा, खाली चिपला जागा राहील.

ते ऐकत नसतील तर फॉर्म टॅपचा विचार करता येईल, तो कापत नाही, दाबून आटे बनवतो, चिपच नाही. पण होल ७.४ चा लागतो, टॉर्क दीडपट ते दुप्पट, आणि तेल हलकं असेल तर जागेवर चिकटतो. हाताने ३०४ मध्ये होणार नाही, मशीनच पाहिजे.

बुटीबोरी_सीएनसी

+१ खोलीसाठी. आमच्याकडे पण एका ड्रॉइंगवर असंच होतं, डिझाइनवाल्याला फोन केला, दोन मिनिटांत १५ करून मेल आला.

संत्रानगरी_फिटर

पार्टीशी बोललो, १५ एमएमला हो म्हटलं, मेल टाकतो म्हणे. आता शेवटचं. ज्या ब्लॉकात टॅप तुटून बसले ते काढायचे कसे, ब्लॉक पार्टीचे आहेत. एक जण म्हणते तुरटीच्या पाण्यात उकळा, टॅप विरघळते.

जुना_टूलरूमवाला

तुरटी अॅल्युमिनियम नाही तं पितळेच्या जॉबला, तिथं लोखंड खाल्लं जाते अन् जॉब राहते, ते पण तास न् तास उकळावं लागते. तुमच्या कामाचं नाही. चार बोटांचा टॅप एक्स्ट्रॅक्टर आणायचा विचार असला तं तो पण सोडा, ३०४ मध्ये ठासून बसलेल्या टॅपात त्याची बोटंच वाकतात. सेंटर पंचने ठोकून पाहू नका, एचएसएसचे कपचे उडतात, डोळ्यात जातात.

स्पार्कवाल्याकडे न्या, ईडीएमवाला (विजेच्या ठिणग्यांनी धातू जाळते ते मशीन). टॅपच्या मधल्या गाभ्याएवढा तांब्याचा नाही तं पितळेचा इलेक्ट्रोड लावून तो नुसता गाभा जाळते, खाचांमधले तुकडे मग सुटे होऊन चिमट्याने निघतात, आट्यांना धक्का लागत नाही. तुटलेला टॅप वर डोकावत असला तं आधी तेवढा भाग ग्राइंडरने सपाट करून न्या, इलेक्ट्रोड सरकत नाही. अन् एकेक ब्लॉक घेऊन चकरा मारू नका, सगळे गोळा करून एकदमच न्या, तो सेटिंगचे पैसे जास्त लावते, होलचे कमी.